आर्लचे दगड

"पण हा दगड रोमनांचाच, कशावरून?" घरमालकीण फ्राऊ हाफ्नरनी फोटोवर बोट ठेवलं.

श्रीरंग दीक्षित खुलला. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरावर तो जर्मनीत, स्टुटगार्टला प्रबंध लिहीत होता. येऊन जेमतेम हिवाळा सरला होता, पण त्याच्या कामात या बाईंइतका रस प्रोफेसरांनीही घेतला नव्हता.

"छिन्नीचे घाव बघा. रोमन राज्य बुडालं, तशी लोकांनी त्यांच्या झुंजींच्या गोल दगडी आखाड्यातच घरं थाटली. कमानीत भिंत घातली की झाला संसार! एकाचं घर पडलं की त्याचे दगड दुसऱ्याच्या भिंतीत. शहरं अशीच थरावर थर चढत जातात."

"आणि कुठला दगड कुठल्या घराचा, ते कळतं?"

"कळतं की! घडण, चुना, नक्षी. नजर तयार व्हायला हवी."

"माझी होईल?"

तेव्हापासून जेवणानंतर शिकवणीच सुरू झाली. बाई एकट्या, साठीच्या. फोटोंतल्या खिडक्यांच्या चौकटी आणि जिन्याच्या पायऱ्या यांवर त्यांचं बोट फार रेंगाळायचं. बाईंना आर्लची ओढ लागलीय, असं श्रीरंगच्या मनाने घेतलं.

"मे महिन्यात मी तिकडे जातोय," तो एकदा म्हणाला. "तुम्हीही चला. एवढं शिकलात, आता डोळ्यांनी बघा."

बाई किंचित हसल्या. "त्याआधी रविवारी माझ्याबरोबर टेकडीवर याल?"

रविवारी ट्राममधून उतरून दोघं झाडीतल्या वाटेने चढू लागले. बाईंनी ठेवणीतला कोट घातला होता.

माथ्यावर झाडी संपली आणि श्रीरंग थबकला. तुटके खांब, नक्षीदार चौकटी, अर्ध्या कमानी, सगळं एकावर एक रचल्यासारखं पडलं होतं. तो धावतच पुढे गेला आणि एका दगडापाशी गुडघे टेकून बसला.

"बापरे! फ्राऊ हाफ्नर, इथेही रोमन होते? आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"रोमन नाही. आम्ही होतो." बाई धापा टाकत जवळ आल्या. "महायुद्धात बॉम्ब पडले. मग खालचं शहर ट्रकांत भरभरून इथे आणून ओतलं. ही टेकडी त्यानेच एवढी उंच झालीय."

श्रीरंगचा हात दगडावरून आपोआप निघाला.

"मी कितीदा येऊन शोधलं, मला ओळखू येत नाही. तुमची नजर तयार आहे, दीक्षित. जरा बघून सांगा ना, यातलं आमचं घर कुठलं?"