घट्ट झाकण

लेक गाडीत बसेना. शाळेत चालत जाईन, पण गाडी नको, हा एकच हेका. आज रडत रडत बोलली, "आई, समुद्रातले जीव मेले आणि चिखलात हवेशिवाय गाडले गेले, की त्यांचं पेट्रोल होतं ना? मी आपल्या मेलेल्या माशाला डब्यात घालून पुरलंय. झाकण घट्ट लावून! तोच गाडीत जळला तर?"

आईचं अर्धं आयुष्य तेलविहिरी खोदण्यात गेलेलं. "अगं वेडे, त्याला दोन-तीन किलोमीटर खोली लागते, मंद आच लागते, कोट्यवधी वर्षं..." वाक्य अर्धवट टाकून ती खुरपं घेऊन अंगणात गेली. डबा वर काढला, झाकण उघडलं, मासा मोकळ्या मातीत ठेवला.

"आता याची मातीच होणार. झालं समाधान?"

"सुटला बिचारा!" म्हणत लेक टुणकन गाडीत बसली. वळणावर मात्र तिने हळूच विचारलं, "आई, ज्यांचं पेट्रोल झालं, त्यांचं झाकण कुणी उघडलंच नाही?"

"उघडते ना मी," आई म्हणाली. "पोचायला जरा उशीर होतो, एवढंच."