शिकवणी

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: ‘तुमचा नायटा दर वेळी परत येतोय. गोळ्या सहा आठवडे पूर्ण घेता ना? खरं काय ते कळवा.’

खाज थांबली की ते दहाव्या दिवशीच गोळ्या बंद करत. उरलेल्या पट्ट्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवत, आणि नायटा उलटला की त्याच पुन्हा काढत. हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्यांनी तो दवाखानाच सोडला.

यंदा त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकणाऱ्या नातीच्या मानेवर नायटा उठला. सुनेनं सहा आठवड्यांत एकही गोळी चुकवली नाही, तरी तो पसरत गालापर्यंत आला.

“बाबा, डॉक्टरीणबाईही चक्रावल्यात,” सून त्याच दवाखान्यातून येऊन म्हणाली. “पोरीला नायटा पहिल्यांदाच झालाय, औषधही पहिलंच. पण ही बुरशी त्या औषधाला आधीच सरावलीय. म्हणाल्या, अर्धवट औषध घेणाऱ्या कुणाकडे तरी ती शिकवणी लावून आलीय. वर्गातल्या कुणाच्या तरी घरचं असणार. लोक औषधं धड पुरी करत नाहीत, आणि भोगायचं आमच्या पोरीनं.”

ते उठून पुस्तकांच्या कपाटाकडे गेले.


दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना उत्तर टाकलं. अकरा अर्धवट पट्ट्यांनी फुगलेल्या त्या पाकिटात एकाच ओळीचा कागद होता: ‘शिकवणी माझ्याकडे होती.’