युगांडाचं जेवण

"असलं काय मी खाणार न्हाई," म्हणत हरीनं मेन्यूकार्ड पालथं घातलं.

"आवं, साठी झाली तुमची आज. एक दिवस माझं ऐका की," शरयू म्हणाली.

सांगलीत विश्रामबागेजवळ ते आफ्रिकन हॉटेल नुकतंच उघडलं होतं. वाढदिवसाचं जेवण बाहेर म्हणून नवरा-बायको दुपारच्या एसटीनं पलूसहून आले होते. मटणाची थाळी मिळेल अशा भरवशावर हरी आला, आणि पाटी वाचून दारातूनच मागं फिरायला लागला होता.

पस्तिशीत तो युगांडातल्या साखर कारखान्यात होता. शरयू तेव्हा गावी सासूपाशी. तिकडं काय खायचात, असं तिनं विचारलं की उत्तर ठरलेलं : "मेसमधला डाळभात."

डाळभात त्यानं खाल्ला तो पहिले सहा महिने. मग नामुली भेटली, आणि तीन वर्षं तो तिच्याच चुलीपुढं बसून जेवला. आई गेल्याचा फोन आला तेव्हा आठवड्याची रजा काढून निघाला, तो परत गेलाच नाही. पलूसचा पत्ता नामुलीपाशी होता. पण तिचं पत्र त्याच्या हाती कधी पडलं नाही. तिनं मन घट्ट केलं असावं, असं समजून त्यानंही विषय मिटवला. त्याला आता बावीस वर्षं झाली.

शरयूला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मूलबाळ झालं नाही, तेही तिनं निमूट सोसलं. महिन्यातून एकदा गुडघ्याच्या औषधाला म्हणून, सोबत डबा भरून घेऊन मिरजेला जायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं.

ताटं आली. केळीच्या पानात वाफवलेला कच्च्या केळ्यांचा पिवळाधमक गोळा आणि शेंगदाण्याचं दाट कालवण. वासानंच हरीचा हात ताटाकडं गेला. पुढं झालेला हात मागं घेऊन त्यानं चमचा उचलला आणि गोळा परक्यासारखा टोचून बघितला.

"हातानं खावा. तिकडं हातानंच खात असतील."

"मला काय ठावं!"

"बरं."

दोन घासांनंतर चमचा कधी बाजूला पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ताट स्वच्छ झालं. शरयूनं आपल्यातलं अर्धं त्याच्या ताटात सारलं.

"डोळ्यांत पाणी आलं तुमच्या."

"लय तिखट हाय."

"यात मिरची नसती," शरयू शांतपणे म्हणाली.

हरीनं मान वर केली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि विशीतली एक उंच, काळीसावळी, हुबेहूब नामुलीच्या चेहऱ्याची मुलगी एप्रनला हात पुसत बाहेर आली. त्याच्याकडं न बघता ती थेट शरयूपाशी गेली.

"आई, कालवण जमलंय का गं?"

शरयूनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

"मला काय विचारतीस? तुझ्या बाबांना विचार."