उंबराला टेकलेली सावली

डोंगराची सावली अजून उंबरापाशी आली नव्हती. गंगीनं दगडाची पाटी खाली ओतली आणि तिकडं बघितलं. जरा वेळानं पुन्हा बघितलं. बघून काय सावली पळत येते होय!

भुशी गावाच्या वरच्या अंगाची ही वाडी वसली तीच मुळी खाणीपायी. खाण सुरू झाली तेव्हाच ठरलेलं, की डोंगराची सावली बांधावरच्या उंबराला टेकली की हत्यारं खाली. तेव्हा म्हणे माणसं उन्हं पिवळी व्हायच्या आत घरी पोचायची. आता चुली पेटायची वेळ झाली तरी उंबर आपला लख्ख उन्हात.

गंगीची चोळी दुधानं भिजली होती. वर वाडीत तान्हं पोर आंधळ्या सासूच्या मांडीवर रडून रडून निजलं असेल. नाहीतर निजलंही नसेल.

"मुकादम, सोडा की आता," ती म्हणाली. "पोर उपाशी हाय."

हौशीराम मुकादमानं पानाची चंची उघडली. "सावली टेकू दे. नेम तुमच्याच आज्यानं घातलाय, म्या न्हाई."

"टेकंल कशी?" घणाला रेलून बसलेला बारकूआबा खोकत खोकत म्हणाला. "डोंगराचं मुंडकं आपुनच उतरवलं. रोज त्यो वाईच बुटका, रोज आपल्याला वाईच उशीर. लय शानी मानसं आपुन!"

कुणी हसलं नाही. हसायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

गंगी उठली. रिकामी पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि उंबराच्या अलीकडं, मावळतीला पाठ करून उभी राहिली. तिची सावली लांबत लांबत गेली ती थेट उंबराच्या बुंध्याला भिडली.

"टेकली सावली."

"अगं बये, ती तुझी हाय. डोंगराची पायजे."

"डोंगर ऱ्हायलाय कुटं, मुकादम? ह्याच पाटीत बसून, ह्याच डोक्यावरनं खाली गेला की त्यो."

मुकादमाचा चुना बोटावरच राहिला.

बारकूआबा घणाचा आधार घेत उठला आणि गंगीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग खडी फोडणाऱ्या बाया आल्या. मग पहारवाले. सगळे नुसते उभे राहिले, पाठीवर ऊन घेऊन.

उंबराच्या बुंध्यावर ऊन उरलं नाही.