पट्टा केसभर वर

मुक्ताने हजरतगंजच्या बाजारातून आणलेले रंग छोट्या गाडीवर मुद्दाम उलटे लावले. जिथे निळा हवा तिथे नारंगी, नारंगीच्या जागी निळा.

लखनौच्या प्रयोगशाळेतून घरी आले की बाबा शर्यतीच्या गाड्यांची छोटी मॉडेलं रंगवत. चोवीस तासांच्या शर्यतीत धावणारी आजची गाडी आणि तिच्यावर जुन्या विजेत्या गाडीचे रंग, मानवंदना म्हणून. त्यात तसूभर चूक त्यांना खपत नसे. मुक्ता लहानपणापासून शेजारी बसून रंगवायची, पण कौतुक कधी वाट्याला आलं नाही. "पट्टा केसभर वर गेलाय, कार्टे. पुसून टाक," एवढंच.

आता बाबा तीन महिने कुणालाच ओळखत नव्हते. धाकटा राघव रोज म्हणायचा, "दीदी, अब मान भी लो. बाबा आता आपले राहिले नाहीत."

ती मानत नव्हती. असली घोडचूक पाहून बाबा गप्प बसूच शकणार नाहीत, एवढीच तिला आशा होती.

तिने गाडी त्यांच्या हातात दिली. "बघा ना बाबा. ओरडा माझ्यावर."

बाबांनी चष्मा नाकावर ओढला, गाडी खिडकीच्या उजेडात फिरवली. पट्ट्यावरून बोट फिरवताना ते मध्येच थांबलं. दारातला राघवही एक पाऊल आत आला.

बाबा प्रसन्न हसले. "फार सुरेख रंगवलीत हो, ताई."

मुक्ताने ब्रश खाली ठेवला.

"मान लिया, राघव."