सुनावणीची खबर

रात्रपाळी संपवून जालिंदरनं मोटारसायकल दारात लावली, तर ग्रामसेविका उत्कर्षा मॅडम ओट्यावर बसलेल्या. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातल्या टॉवेलच्या मागांचा खडखडाट अजून त्याच्या कानात होता. त्या काय म्हणाल्या ते त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"काका, तुमच्या वस्तीची विहीर बुजवून तिथं दुकानगाळे बांधायचं चाललंय. आज चार वाजता सुनावणी आहे. नोटीस फलकावर लावली, पेपरात दिली, वेबसाइटवर टाकली. तरी गावात कुणाला पत्ता नाही. कोणी आलं नाही, तर साहेब 'हरकत नाही' असं लिहून जातील आणि ठेकेदारांच्या निविदा उघडतील."

जालिंदर हेल्मेट हातात धरून तसाच उभा राहिला. वरच्या आळीच्या आडावर पोहरा टाकू देत नव्हते, तेव्हा त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, आणि वस्तीतल्या चार घरांनी ती विहीर खणली होती. आता उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, की वरची आळीसुद्धा पाइप टाकून तिचंच पाणी नेते.

"तुमचे वडील दवंडी द्यायचे म्हणे," मॅडम जरा अडखळत म्हणाल्या. "ती हलगी पंचायतीच्या माळ्यावर आहे अजून. तुम्ही एक फेरी मारली असती तर..."

जालिंदरनं हेल्मेट ओट्यावर ठेवलं. कितीतरी वर्षांनी त्याला अण्णांचा आवाज आठवला. मारुतीच्या पारापाशी ते हलगीवर टिपरू मारायचे आणि मान वर करून हाळी द्यायचे, "तळ्याकाठच्या चिंचंचा लिलाव हाय होऽऽ! ज्याला बोली लावायची त्यानं उद्या चावडीवर यावं होऽऽ!" पीठ भरल्या हातांनी बाया दारात यायच्या. चहाची कपबशी तोंडाशी नेलेला माणूस तशीच धरून ऐकायचा. शाळेत मास्तरसुद्धा खडू थांबवायचे, आणि बाकावर बसलेल्या जालिंदरची छाती फुगायची. दुसऱ्याच क्षणी पोरं त्याच्याकडं वळून बघायची, मग तो मान खाली घालायचा.

तो दहावीला गेला त्या वर्षी अण्णांनी हलगी चावडीवर नेऊन ठेवली. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आवाज माझा, आन् सांगनं चावडीवाल्यांचं. आता बास."

"मॅडम," जालिंदर म्हणाला, "हलगी न्हाय. अण्णांनी ठिवली ती ठिवली. पन सांगायला जातो मी. इहीर आमची हाय."

"आदी चार घास तर खा की," आतून बायकोनं, मीनाबाईनं हाक मारली. तोवर तो रस्त्याला लागलाही होता.

आधी त्यानं वस्ती केली, मग वरची आळी. अण्णा आळीच्या तोंडाशी उभे राहून ओरडायचे. पायरी कधी चढले नाहीत. पहिल्या दाराशी जालिंदरचेही पाय क्षणभर थांबले. मग त्यानं चपला काढल्या आणि कडी वाजवली.

दार दानम्मानं उघडलं. लिंगायतांच्या घरातली म्हातारी, कानानं अधू. "बा, कुंद्रु," असं कानडीत म्हणत तिनं त्याला आत बोलावलं आणि सोप्यात खुर्ची सरकवली. जालिंदरनं तिला सगळं दोनदा सांगितलं.

"इहीर बुजवत्यात?" ती म्हणाली. "आन् मग येत्या उनाळ्यात काय गाळ्यातलं साबन पिऊ का आमी?"

त्याला हसू आलं. चहा घेतल्याशिवाय तिनं त्याला सोडलं नाही. असे चहा मग घरोघरी झाले. कुणी जुनी आठवण काढली, कुणी अण्णांच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. मळ्यातल्या माणसांना सांगून तो परतला तेव्हा डोळे झोपेनं चुरचुरत होते. तरी फार दिवसांनी आपण गावभर हिंडलो, असं त्याला वाटलं.

चार वाजता पंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. बाया जमिनीवर बसल्या, गडी दारात उभे राहिले. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी दोन ओळी लिहून निघायच्या तयारीनं आले होते. गर्दी बघून त्यांनी चष्मा पुसला.

"एवढे लोक! दवंडी दिली होती का?"

"दवंडी कशाची?" दानम्मा खालूनच म्हणाली. "आमचा जालिंदर घरी येऊन सांगून गेला की."

मॅडमनी मान खाली घातली आणि त्या हसल्या. जालिंदर मागं भिंतीला टेकून उभा होता. दवंडी ऐकून गाव म्हणायचं, दवंडी आली. हलगी वाजली. इतक्या वर्षांत अण्णांचं नाव त्यात कुणी घेतल्याचं त्याला आठवेना.

लोक बोलत गेले. कुणी उन्हाळ्यातल्या पाण्याचा विषय काढला, कुणी विहीर खणणाऱ्यांची आठवण सांगितली. अखेर साहेबांनी हात वर केला. "बरं. विहिरीला हात लागणार नाही. प्रस्ताव परत पाठवतो, निविदाही उघडणार नाहीत. पण हरकती रीतसर लिहून घ्याव्या लागतील. पहिली कुणाची?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. लहानपणी शाळेत वळून बघायचे तसंच. या वेळी जालिंदरनं मान खाली घातली नाही. तो वाट काढत टेबलापाशी गेला.

"पूर्ण नाव सांगा."

"जालिंदर," तो म्हणाला. मग त्यानं श्वास भरून घेतला, मान वर केली आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वडिलांचं नाव घेतलं, "भीमशाऽऽ शिवशरण."