मोहाखाली दोघी

"माय, एका चौकोनात एकच माणूस ठेवायचा," प्रणालीनं पुन्हा सांगितलं.

पट तिनंच तयार केला होता. जंगल, त्याच्या कडेचं गाव, शाळा, विहीर, वाघाचा पाणवठा. आपल्या सोंगट्या म्हणजे आपली माणसं. त्यांना असं कामाला लावायचं, की गावही सुधारेल आणि वाघही जगेल. पुण्यातल्या मित्रांना खेळ जाम आवडला होता. पण ज्या गावावरून तो सुचला, तिथंच गाडं अडलं. आई विहिरीवर एक सोंगटी ठेवी, शाळेत एक ठेवी, मोहाच्या झाडाखाली मात्र हटकून दोन.

"अगं, एक माणूस फुकट जातोय तुझा. अशानं हरशील."

"हरू दे. मोहफुलं वेचाले एकटी बाई जाते का कदी? एकीनं वाकून वेचाचं, दुसरीनं वाघावर ध्यान ठेवाचं."

खरंच की. शाळेत असताना उन्हाळाभर आई वेचायची आणि प्रणाली पाठीशी उभी राहून झुडपांकडे बघत राहायची.

"मग आता तुझ्याबरोबर कोण असतं?"

आईनं मोहाखालची एक सोंगटी उचलली आणि डब्यात टाकली. "आता तुह्याच नियमानं चालते मी. एकटीच."

पहाटे आई टोपली घेऊन निघाली, तेव्हा प्रणाली चप्पल घालून अंगणात उभी होती. मोहाखाली आई वाकली, आणि प्रणालीनं तिच्याकडे पाठ करून झुडपांवर नजर लावली.